दार वाजवण्याची पद्धत

आधी तीनदा. मग नाव.
मग तीस आकडे, मनातल्या मनात.
मग पुन्हा तीनदा, स्पष्ट आवाजात:
"मी ऑड्रा, ऑफिसातली. किल्ली लावतेय."
नव्या पोरांना पहिल्या दिवशी एवढं शिकवते.
दार ढकलण्याआधी श्वास तोंडाने घ्यायचा,
हे शिकवत नाही.
तिसऱ्या महिन्यात ते आपोआप कळतं.

डुलुथची ही इमारत पूर्वी खलाशांचं हॉटेल होती.
चव्वेचाळीस खोल्या, एक लिफ्ट, तीही लहरी.
सरोवरावरून जानेवारीत जो वारा येतो
तो कुणाची फाईल वाचून येत नाही.
मी सहा महिन्यांसाठी म्हणून आले होते.
तेवीस वर्षं झाली.

वेंडेल पहिला महिनाभर कपाटात झोपला.
पलंग कोरा, गादीवरचं प्लास्टिकसुद्धा तसंच.
तक्त्यात रकाना होता: घराचा वापर होतो का?
मी "हो"वर खूण केली.
कपाटही घरातच असतं.
तेव्हापासून रोज सकाळी दार वाजवलं
की आतून एकच वाक्य:
"जिवंत आहे. जा आता."

अर्लीस नळ सोडून नुसती बसायची.
बिल दाखवलं तर म्हणाली,
अकरा वर्षं पेट्रोल पंपाच्या संडासात दात घासलेत,
माझ्या पाण्याचा आवाज ऐकू दे थोडा.
त्या महिन्याचं पाणी मी "दुरुस्ती"त दाखवलं.

केस्कितालो. आडनावाचा अर्थ, मधलं घर.
आजोबा फिनलंडहून खाणीवर आले
आणि अठरा जणांच्या बराकीत पाळीपाळीने झोपले,
एकाची ऊब जायच्या आत दुसरा.
घर होतं ते फक्त आडनावात.

हे मी त्या दिवशी
लिरॉय बोशेला सांगायला हवं होतं का?
खोली दोनशे नऊ. बाहेर उणे बावीस.
त्याने सात जण आत घेतले होते:
चौघं जमिनीवर, दोघं पलंगावर,
एक म्हातारा बाथटबमध्ये, कोटासकट.
करारात पाहुणे दोन. नोटीस तिसरी.
तो ओरडला नाही. एवढंच म्हणाला,
"घर तुझं आहे असं तुम्हीच सांगितलं होतं ना?"

माझी सही सुरेख आहे. सगळे म्हणतात.

तो कुठे गेला, कळलं नाही.
वसंतात मी पुलाखालून चालत गेले,
ग्रंथालयात विचारलं, इस्पितळात,
शवागारातही, एकदा.
मग चार वर्षं मीटिंगांमध्ये भांडले
एका ओळीसाठी:
*उणे वीसच्या खाली पाहुणे मोजले जाणार नाहीत.*
आज माझ्या निरोपाच्या भाषणात
ही ओळ वाचून दाखवली. टाळ्या झाल्या.
मी केककडे बघत होते.

आता सगळे गेलेत.
समोर शेवटचा कागद: खोली सोडताना भरायचा.
दुसरा अर्जच नव्हता, मग माझ्यासाठी हाच काढला.
इथे किती काळ राहिलात?
काय काय राहिलं आहे?
एकच क्रियापद दोन्हीकडे.
पहिल्याला आकडा आहे.
दुसऱ्यापुढे पेन धरून
बराच वेळ झाला असावा. खिडकीत अंधार आहे,
आणि बंदरातल्या एका जहाजाचे दिवे.

दार वाजलं. तीनदा.
"मी वेंडेल, तीनशे सातमधला."
मग शांतता. तो मोजत होता, चक्क ओठांनी,
काचेतून दिसत होतं मला.
चौदावर चुकला, परत दहापासून धरलं.
पुन्हा तीनदा.
"किल्ली नाहीये माझ्याकडे.
दुपारपासून दिसला नाहीत, म्हणून."

घसा साफ करावा लागला.

"जिवंत आहे," म्हटलं.
"जा आता" हे पुढचं
काही केल्या म्हणता येईना.
तोही गेला नाही.