चौथा रकाना

पहाटे पावणेचारला मी बेकरीला निघते
तेव्हा बोटोंडचा रविवार अजून संपलेला नसतो.
स्वयंपाकघरात आमची गाठ पडते,
म्हणजे मी मफलर शोधते
आणि तो पडद्यावरून नजर न काढता पाय बाजूला घेतो.
किती उरले, असं मी विचारत नाही.
कॉफीवर साय धरली असेल, तर तो अजून डावात आहे.
कप विसळून पालथा घातला असेल,
तर संपलं.

आमच्या आठव्या मजल्यावरून मिश्कोल्त्सच्या
बंद पोलाद कारखान्याची धुराडी दिसतात.
त्याचा बाप तिथे भट्टीवर होता,
पगार ठरलेला, सुट्टी ठरलेली,
खोकलासुद्धा ठरलेल्या वेळी यायचा.
पोराचा कारखाना मांडीवर मावतो,
आणि पगाराचं म्हणाल,
तर उलट यालाच आत जायला पैसे भरावे लागतात.

अकराशे त्रेचाळीस माणसं, एक खेळ.
लिमात कुणी जेवण थंड करत बसलंय,
व्लादिव्होस्तोकला कुणाची दाढी अर्धीच झालीय.
पैसे पहिल्या एकशे बासष्टांना.
मार्चमध्ये हा एकशे त्रेसष्टावा आला.
हातात राजांची जोडी,
समोरच्या महाभागाकडे सत्ती आणि दुर्री
(असल्या पत्त्यांवर सगळं का लावावं, ते त्याची आई जाणे).
टेबलावर दुर्री पडली. हा हसला.
मग शेवटचा पत्ता: सत्ती.

शेवटच्या पत्त्याला हे लोक नदी म्हणतात.
आमच्याकडे सिन्वा आहे, घोटाभर पाण्याची,
पोरं तिच्यात बूट धुतात.
नदीत माणूस बुडतो
हे मी घरात बसून पाहिलं.

मे महिन्यात तो चौथा आला.
रात्री दोनला मला हलवून उठवलं,
बोलता येईना, नुसती चार बोटं दाखवत राहिला.
मला वाटलं, चार वाजले, उशीर झाला.
त्या पैशांत आईचे दात झाले, मेहुण्याचं देणं फिटलं,
फ्रिज आला. पहिल्या दिवशी आम्ही
दार उघडून नुसता आतला दिवा बघत उभे.

मग सतरा रविवार कोरडे.

त्याची एक चौकटीची वही आहे.
तारीख. भरले. मिळाले.
चौथ्या रकान्याला नाव नाही.
त्यात तो दोनच गोष्टी लिहितो,
‘चुकलो’, नाहीतर ‘बरोबर खेळलो’.
तो झोपला की मी चोरून वाचते.
‘चुकलो’ वाचलं की जीव भांड्यात पडतो,
चूक सुधारता येते, माणूस शहाणा होतो.
पण पानामागून पान ‘बरोबर खेळलो’
आणि शेजारी शून्य.
याला औषध काय?
माझ्या हातचा पाव करपला
तर मीच घड्याळ बघायला विसरलेली असते.
निदान मला तसं वाटायचं.

ऑक्टोबरात एका पहाटे वीज गेली.
दोनशे चाळीस कीफली, चंद्रकोरीसारखे वळलेले,
ट्रेमध्ये फुगले, वाट पाहिली,
आणि खाली बसले.
मालकीणबाईंनी दिवस कापला.
घरी आले तर हा तोंड उघडं टाकून झोपलेला.
मी वही ओढली. तारीख.
भरले: दोनशे चाळीस. मिळाले: शून्य.
चौथ्या रकान्यावर पेन बराच वेळ टांगून राहिलं.
मग लिहिलं,
‘बरोबर खेळले’.

तो काही बोलला नाही.
महिनाअखेरीच्या बेरजेत मात्र
माझे दोनशे चाळीस धरले.
तोट्यात.

आज कॉफीवर साय आहे.
पडद्याच्या कोपऱ्यात आकडा: एकोणीस.
त्याचं बोट माऊसवर, ओठ आत ओढलेले.
मी दार आवाज न करता लावलं.
जिन्यातला दिवा चौथ्या मजल्यावरच गेला,
पुढे कठडा धरून, पायरी चाचपत उतरले.
वर त्याचा शेवटचा पत्ता उलटायचा होता.