तीन कोटेशनं

टेबलावर तीन कागद.
पंख्यानं उडू नयेत म्हणून वर
आमच्याच फाउंड्रीत फसलेलं एक ओतीव.
उद्यमबागेत आज पण ऊन नाही.
खानापूरकडचं धुकं गेटवर सही न करता आत येतं,
कँटीनच्या बरणीत मिठाचा गोळा होतो,
तांदळाचे चार दाणे त्यात जागे.

मी शेवंता मजुकर, स्टोअर्स.
वाळूचे साचे बांधणारं रसायन माझ्या ताब्यात:
तपकिरी, काकवीसारखं, दिसायला गरीब.
त्याला फक्त पाणी चालत नाही.
बादली नको, थेंब पुरे.
थेंबही नको,
दमट हवेचा एक उसासा पुरे.

मागच्या वर्षी धुतलेली कांडी ओलीच बुडवली गेली,
आणि काळजीनं, होय, काळजीनंच,
बूच घट्ट आवळलं गेलं.
रात्रभर बॅरल फुगत राहिलं.
पहाटे झाकण छपराचा पत्रा फोडून गेलं
आणि आत धावला कल्लाप्पा किणयेकर,
तोंडाला नुसता टॉवेल.
बूच कुणी आवळलं, हे त्यानं चौकशीत सांगितलं नाही.
तो पाना माझ्या कपाटात आहे.

पहिलं कोटेशन कोल्हापूरचं. प्लास्टिकची टाकी, स्वस्त.
मालक म्हणाले, घराच्या गच्चीवर आहे की, कधी गळली नाही.
गळत नसेल, साहेब.
पण आतलं बाहेर न जाणं वेगळं,
बाहेरचं आत न येणं वेगळं.

दुसरं निपाणीच्या बंद पडलेल्या डेअरीचं.
चकचकीत स्टील, पितळी कॉक, झाकणाला जाळी.
दुधाला ठीक.
दुधाला पाण्याचं वावडं कधी होतं?

तिसरं मच्छेच्या इरण्णा बडिगेरचं.
अटी मराठीत, आकडे कन्नडात,
दर सगळ्यांत जास्त.
जाड लोखंड, आत कोरड्या नायट्रोजनची चादर,
दाब चढला तर सोडणारी झडप,
आणि सिलिंडर संपलाच कधी, तर म्हणून
हवेच्या नळीवर काचेची कुपी, निळ्या खड्यांची.
ओल पिऊन गुलाबी झाले की बदलायचे.
"टाकी पण दम घेते, बाई.
दुपारी सोडते, रात्री ओढते.
तोंड बांधलं तर फुटते,
उघडं टाकलं तर बाधते."

कागद घेऊन मी गेटवर गेले.
कल्लाप्पा आता ट्रकचे नंबर लिहितो.
शेडकडं जायचं नाही, डॉक्टरनं सांगितलंय,
खिशात पंप असतो.
तिन्ही वाचून दाखवली.
"निळ्या खड्यांची घे," म्हणाला,
"आणि मला पण एक कुपी बसव म्हणावं इरण्णाला."
हसला.
त्या हसण्याची किंमत
तो बराच वेळ खोकत फेडत राहिला.

टाकी आली. इरण्णानं आधी ती पाण्यानंच भरली,
गळ्यापर्यंत.
पाण्यापासून राखायची, तर पाण्यानंच पारखायची.
मग आठ दिवस वाळवली,
सांध्यासांध्यातून ओल हुसकली.
पेंटर विचारत होता, "पाणी वर्ज्य" वर की "नीरु ब्याड" वर?
यात ऑफिसचा अर्धा दिवस गेला.
शेवटी शेजारी शेजारी लिहिलं.

उद्या टँकर येणार.
आज रिकामी आहे तोवर
कल्लाप्पा आत आला, वर्षानं पहिल्यांदा.
पत्र्यावर तळवा ठेवला, बोटानं टकटक केली,
झडपेकडं मान वर करून पाहत राहिला.
मग माझ्याकडं न बघता हात पुढं केला.
"पाना दे. तुझ्या कपाटातला."

मी दिला.

तो आता गेटवर असतो, त्याच्या उघड्या वहीवर,
पानं उडू नयेत म्हणून.