नाक्यावरची वही

वहीचे मथळे कानडीत छापलेत,
आतली नावं जशी येतील तशी.
नाव, गाव, गाडी नंबर,
माणसं किती, बाटल्या किती,
शेवटचा रकाना: काय बघायचं.

जांबोटीच्या पुढं, मोबाईलची रेंज संपते तिथं
माझा बांबू आडवा.
बाटलीमागं पन्नास रुपये अनामत,
येताना बाटली दाखवायची, पैसे न्यायचे.
गोव्याकडचे, हुबळीचे, कोल्हापूरचे,
सगळे काच अर्धीच उतरवून विचारुलेत,
"आत खास काय हाय ओ?"
मी सांगतो, फणसकोंडीचं पाणी हाय,
गुहेत वाघळं हायत,
वाघ हाय, खरं तो तुमच्या वेळेत बसत न्हाई.
हसतात. लिहितात: वॉटरफॉल.
खाली पानभर, वरीलप्रमाणे, वरीलप्रमाणे.

मी स्वतः ती कोंड भरलेली बघितली न्हाई.
ती भरते तेव्हा गाड्या असतात.
रात्री आवाज तेवढा येतो.
वेंकू घाडी म्हणतो, तो कानातला मळ.

मंगळवारी एकच व्हॅन आली.
पोरगा म्हणाला, आईला शिरंगाळी बघायची हाय.
शिरंगाळी आता नकाशावर हिरवी,
नुसती हिरवी.
अठ्ठावीस घरं होती, सह्या करून
खानापूरजवळ पत्र्याखाली गेली.
त्यांची यादी ह्याच टेबलाच्या खालच्या खणात हाय,
वाळवीनं कडा खाल्लेली.

चौघांचं तिकीट फाडलं.
ती बघुलालती, माझ्याकडं न्हवे, बांबूकडं.
"आमचा आंबा होता की हितं," म्हणाली,
"तुझी खुर्ची हाय न्हवं, तितं."
मी खुर्ची जरा सरकवली.
कशाला, कुणास ठाऊक.
शेवटच्या रकान्यात तिनं स्वतः लिहिलं,
द्रुपदा गावडे, अक्षर चौथीत शाळा सोडल्यागत:
चूल.

तीनला परत आले.
पायाला जळवा. मी मीठ दिलं.
"गावली?"
"करवंदीनं धरलीया सगळी.
खरं तीन दगडातले दोन हायत.
नातू हात लावायला भ्याला,
त्याला वाटलं, गरम असंल."

बाटल्या मोजल्या.
जाताना तीन, दुकानातल्या, भरलेल्या.
येतानाही तीन, भरलेल्याच,
पाणी जरा तांबूस, एकीच्या तळाला जांभळीचं पान.
माझ्या डोक्यामागच्या फळ्यावर नियम हाय:
काडी न्यायची न्हाई, दगड न्यायचा न्हाई, मध न्यायचा न्हाई.
पाण्याचं कुणी लिहिलेलं न्हाई.
बाटल्या तीन, बरोबर.
दीडशे परत दिले.
तिनं ते न मोजता ओच्यात टाकले.

बांबू खाली करायचा राहिला.
मागनं बेळगावची गाडी, हॉर्न,
काच अर्धी खाली,
"आत खास काय हाय?"
मी काहीच सांगितलं न्हाई, वही पुढं केली.
गडी घाईत होता.
नाव, गाव, नंबर भरला,
शेवटच्या रकान्यात, वर न बघताच,
चुलीच्या खाली,
वरीलप्रमाणे.