दुसरा सिलिंडर

फोगो बेटाबाहेर, धुक्यात,
इंजिन तीनदा किंचाळलं
आणि आपणहून मंदावलं.
हेडली पार्डीने झाकण उचललं.
हात घालायला जागाच नाही:
वायरी, काळी पेटी, चार इंजेक्टर.
जुन्याचा कार्बोरेटर तो
मासे चिरायच्या सुरीने खरवडायचा,
फुंकर, एक शिवी, की चालू.
याला शिवी कळत नाही.

मागच्या जूनमध्ये दुसऱ्या सिलिंडरला
पेट्रोल कमी पडलं. पिस्टनला भोक,
करंगळी जाईल एवढं.
मेकॅनिकने लॅपटॉप जोडला.
म्हणाला, इथे सगळं ठीक दिसतंय.
वॉरंटी संपून अकरा दिवस झाले होते.

आता बाकाखालून तो वल्ही ओढतो,
बायकोने वाटाण्याच्या वेलांना मागितलेली.
किनारा दिसत नाही.
मर्टलचं कुत्रं मात्र
रात्रंदिवस भुंकतं;
त्याची तक्रार करायची राहिली
ते बरंच झालं.