गंजी

पाटी रंगवताना पेंटरनं विचारलं,
पान काढू का ओ मॅडम, ते बोटांसारखं?
लगेच कळतंय लोकांना.
म्हटलं, नको. नुसतं लिही:
यनगंटी टेक्स्टाइल, अक्कलकोट रोड, एमआयडीसी.
खाली बारीक: टॉवेल व नॅपकिन.
कशाच्या सुताचे, हे लिहायला
मला दीड वर्ष लागलं.

बँकेतल्या साहेबांनी फाइल उघडली,
'हेंप' या शब्दावर बोट ठेवलं
आणि आधी केबिनचं दार लावून घेतलं.
मी पिशवीतून सुताची लड काढली.
दांड्याची साल आहे साहेब, ओढून बघा.
त्यांनी ओढली. तुटली नाही. मग वास घेतला.
कर्ज नाही दिलं.
धाग्याचा तुकडा तेवढा
पेनस्टँडला गुंडाळून ठेवला.

सूत येतं उत्तराखंडच्या डोंगरातून,
नाक्यानाक्यावर कागद दाखवत.
ड्रायव्हरला मी परवान्यांची लॅमिनेट केलेली माळच दिली,
लिंबू-मिरचीशेजारी टांगायला.

पहिला उन्हाळा.
त्रेचाळीस डिग्री, वर पत्रे,
आणि सूत वाळल्या काडीसारखं तडकायचं.
दर दोन मिनिटांनी एक माग बंद.
चालत्या मागांच्या खडखडाटात
मालकाला बंद मागच ऐकू येतो.
इरफान जॉबर म्हणाला,
हा धागा नाही मॅडम, हट्ट आहे. कुणाचा, ते बोलला नाही.

नरसुबाईला कुणी विचारलंच नव्हतं.
तीस वर्षं कांड्या भरणारी बाई,
कांडी न थांबवता म्हणाली,
पाणी पाजा की त्याला. सुक्यात मरतंय ते.
मग भिंतींना ओली पोती,
पहाटे चारला माग चालू, अकराला बंद.
कंपनीचा पहिला कायदा
कांडीवालीनं केला,
मी खाली सही केली.

कुणीतरी निनावी अर्ज दिला. जीप आली.
गासड्या उसवल्या, गोदाम हुंगून झालं,
मग साहेबांनी कोपऱ्यातल्या पिंपाकडे बोट केलं:
यात काय आहे?
नरसुबाई म्हणाली, गंजी हाय ओ.

माझ्या पाठीतून घाम उतरला
तो मी मोजू शकले असते.

गंजी म्हणजे खळ, साहेब.
आमच्या तेलुगूत पेजेला म्हणतात.
मैद्याची. ताण्याला लावायची.
साहेबांनी बोट बुडवलं, चोळलं, 
जिभेला लावावं की नाही याचा विचार केला.
पंचनाम्यात लिहिलं:
पिंप एक. खळ.

पुण्याहून एक जण आला, पांढऱ्या बुटांचा.
टॉवेलात काय ठेवलंय? तेल काढा पानाचं,
अर्धं जग झोपेसाठी तळमळतंय.
त्याचा आकडा चूक नव्हता.
रात्री तो वहीत डावीकडे लिहिला,
उजवीकडे शनिवारच्या पगाराची बावीस नावं.
तेलाला यातली तीनच लागली असती.
मी त्याला नाही म्हटलं.
बरोबर होतं का, अजून माहीत नाही.
त्या महिन्याचे पगार पाटल्यांवर निघाले.

पहिला माल परत आला:
अंगाला टोचतो.
तीनशे टॉवेल. वाटून टाकले.
दिवाळीनंतर इरफान आला, गळ्यात तोच,
हात लावा म्हणाला.
चाळीस धुण्यांत
सशाच्या कानासारखा झाला होता.
चाळीस धुणी थांबतो कोण?
गिऱ्हाईक नाही, बँक तर नाहीच.
म्हणून आता आम्हीच आधी धुतो,
आणि पाणी येतं पाच दिवसांनी.

आज पेंटर परत आलाय.
काय लिहू?
भांगेच्या दांड्याचे टॉवेल.
मोठं लिहू की बारीक?
वाचता येईल एवढं.
इरफाननं शिडी धरली,
त्यानं 'भां' काढला, टिंब ठळक केलं,
तेवढ्यात आतून नरसुबाई ओरडली,
नळ आला.
शिडी सोडून सगळे धावले.