राळ्याचे दाणे

मंगळवारी माझी पुस्तकांची गाडी
घाट चढून बंद खाणीच्या गावात येते.
अस्तुरियासच्या या कोपऱ्यात
आधी धुकं पोचतं, मग मी, मग पाववाला.

शेवटच्या वळणावर इंजिन बंद करते,
सरकारची पंधरा मिनिटं चोरते
आणि वाचते.
सध्याच्या कादंबरीत एक सरदार आहे,
झऱ्यातल्या शानेला सोडवायला निघालेला,
चिलखतात घामाघूम, घोड्याला सर्दी.
गुहेपाशी पोचतो तर काय,
शाना सोन्याच्या फणीनं
पंखवाल्या सर्पिणीचे खवले विंचरतेय.
तीनशे वर्षं झाली म्हणे लग्नाला.
"पाय पुसून ये," सर्पीण सांगते,
"आणि तलवार तिकडे, छत्र्यांजवळ."

मी एकटीच हसते. काच धुरकटते.

लहानपणीच्या गोष्टींत
कुणीतरी कुणालातरी सोडवायचं,
मग लग्न, मग पंगत, मग गप झोपा.
मी झोपायचे नाही.
त्या सर्पिणीला कुणी विचारलं का,
एवढंच डोक्यात.
पुढे एका मुलीच्या पाठीवरचे तीळ
पाढ्यांसारखे पाठ केले,
तरी पुस्तकांत आम्ही सापडलोच तर
शेवटच्या पानाआधी एकीला मरावं लागायचं.
क्षय. रेल्वे. पश्चात्ताप.
पुरे झालं ते.
आता मला शेपूट हवं, पंख हवेत,
उधळ्या हातानं वाटलेलं सुख हवं,
आणि लग्नात केक कापायला ड्रॅगनचं नख.

एतेल्विनानं ते पुस्तक नेलं
आणि सिद्रेच्या गुत्त्यात, नाकाच्या शेंड्यावर चष्मा,
निवृत्त खाणकामगारांना मोठ्यानं वाचून दाखवलं.
सेल्सो खवळला.
"माझ्या आजीच्या गोष्टीत क्वेलेब्रे नर होता!"
"तुझ्या आजीनं शेपूट उचलून बघितलं होतं?"
अख्खा गुत्ता हसला.
सेल्सो नाही.

पुढच्या मंगळवारी तो गाडीच्या पायरीशी,
टोपी हातात चुरगाळत.
"दुसरा भाग आहे का?
घोड्याचं काय झालं बघायचंय.
फक्त घोड्याचं."

दिला. वाचला. परत आणला.
मग पायरीवरच बसला, माझ्याकडे न बघता,
जशी सिद्रा ओततात तसा:
बाटली डोक्यावर, पेला गुडघ्यापाशी,
नजर तिसरीकडेच.

"त्रास्गू माहितीय ना?" म्हणाला.
माहीत कुणाला नाही. घरात शिरलेलं भूत,
नावाप्रमाणेच त्रास.
भांडी वाजवतं, दूध सांडतं,
डाव्या तळव्याला आरपार भोक.
घालवायचं असेल तर सांगावं,
एक माप राळे उचलून आण.
दाणे भोकातून गळत राहतात,
लाजतं बिचारं, निघून जातं.

"पण समज,
शेजारच्या घरात दुसरा त्रास्गू होता.
त्याचाही डावा हात फुटका. उजवा धड.
त्यानं आपला उजवा तळवा
याच्या डाव्याखाली धरला.
असा."

सेल्सोनं हात पुढे केला,
खाली, हवेत,
जणू वर कुणाचा तरी हात होता.
नखांत अजून कोळसा.

"मग?"

"मग काय. एक दाणा पडला नाही.
मालकीण बसली कपाळाला हात लावून.
दोघं गेलेच नाहीत."

कुठल्या पुस्तकात आहे, मी विचारलं.
"कुठल्याच नाही," म्हणाला. "म्हणून तर सांगतोय."

हात कुणाचा, ते विचारलं नाही.
तिसऱ्या भागावर शिक्का मारला,
परतीची तारीख नियमाबाहेर लांबची टाकली.
गिअर टाकला तेवढ्यात
मागून काचेवर थाप, टोपी हलवत सेल्सो:

"आणि त्या घोड्याची सर्दी!
पाचव्या प्रकरणापासून
साफ विसरलाय तुझा लेखक!"