पायगुण

मी आले त्या सोमवारी
दोन नंबरच्या मागाची मोटार जळाली.
दसऱ्याला सुताचा भाव चढला.
दिवाळीत मामंजींचा डावा डोळा गेला.
मोतीबिंदू, डॉक्टर म्हणाले, पाच वर्षांचा जुना.
पण घरात तो माझ्याच पायांनी आला.

नागाक्का, माझ्या सासूबाई, तशा वाईट नाहीत.
कांड्या भरता भरता शेजारणीला सांगतात,
"हिचा पाय काय बरा न्हाई बघ, तायव्वा."
आधी मराठीत, मग तेच कन्नडमध्ये.
वडगावात अपशकुनी व्हायचं
तर दोन्ही भाषांत व्हावं लागतं.

निपाणीच्या कॉलेजात मी स्टॅटिस्टिक्स शिकले.
सर म्हणायचे, दोन रेषा सोबत चढल्या
म्हणून एकीनं दुसरीला चढवलं असं नव्हे.
दोघींना वर ओढणारं तिसरंच कुणी असेल,
जरा खिडकीबाहेर बघा.
खिडकीबाहेर तंबाखूची वखार होती.
आम्ही सगळे शिंकत होतो.

मी सुताच्या हिशेबाची जुनी वही घेतली,
मागच्या पानापासून सुरू केली.
गल्लीत घरं एकेचाळीस.
वर्षात माग बंद पडलेली घरं सतरा.
वर्षात आलेल्या सुना दोन:
मी, आणि कोपऱ्यावरच्या भंडाऱ्यांची,
जिच्या घरचे माग रात्री अकरापर्यंत धडधडतात.
"मग बाकीच्या सोळा घरांत कुणाचा पाय पडला ओ?"
नागाक्कांनी कांडी बदलली.
"गल्ली एकच न्हवं काय."
याचं उत्तर आम्हाला शिकवलं नव्हतं.

आषाढात मंगाईची जत्रा झाली,
दुसऱ्या दिवशी झड लागली.
"बघ, आई पावली."
मी म्हटलं, जत्रा आषाढात, पाऊसही आषाढातच,
दोघं एकाच महिन्याचे पाहुणे.
"व्हय की. आणि आषाढ कुणी धाडला?"
आम्ही दोघी हसलो.
या घरात पहिल्यांदाच, सोबत.

मग हुबळीच्या व्यापाऱ्याची ऑर्डर आली,
तीनशे साड्या, निम्मे पैसे आगाऊ.
त्याच आठवड्यात मला दिवस गेल्याचं कळलं.
नागाक्कांनी गल्लीभर कुंदा वाटला.
"पाय फिरला बघ पोरीचा."
वहीत नोंद होती: सुरतेत गोदामात पाणी शिरलं,
माल भिजला, म्हणून ऑर्डर इकडे वळली.
सांगायला तोंड उघडलं.
त्यांनी त्यात कुंदा घातला.
मी गिळला. गोड होता.
आळ झटकायला वही काढली होती मी,
हे झटकायलाही तीच वही लागली असती.
ती फळीवरच राहिली.

त्या वहीत एक ओळ आहे,
कुणाला दाखवलेली नाही.
बाबांना मला धारवाडला एमेस्सीला पाठवायचं होतं.
मी लग्न केलं. भांडून निघाले.
आठ महिने फोन केला नाही.
नवव्यात निपाणीहून निरोप आला.

भाऊ म्हणतो, चाळीस वर्षं वखारीत तंबाखू कुटली त्यांनी,
छाती कधीच गेली होती, तुझा काय संबंध.
सर म्हणाले असते, एका ठिपक्यातून
हव्या तितक्या रेघा निघतात,
म्हणून त्यातली एकही खरी धरू नये.
मला पटतं.
दुसऱ्या कुणाचं असतं तर
मीच समजावलं असतं, उदाहरणं देऊन.

रात्री माग थांबतात,
धडधड मात्र कानात चालूच असते.
मी वही उघडते,
त्या तारखेसमोर "कारण" या रकान्यात
पेन टेकवून बसते.
काही लिहीत नाही.
शाईचा ठिपका कागदात पसरत जातो.

आतून नागाक्कांचा आवाज येतो,
"दिवा मालव गं, एवढ्या रात्री लिहीत बसलं
तर पोटातल्याचे डोळे अधू होतात."

कशावरून, असं मी विचारत नाही.
दिवा मालवते.